आळशी माणसाच्या पेशी

गोगल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. सातवीत असताना मैदानाच्या तिसऱ्या फेरीला तो मध्येच खाली बसला, तेव्हा वडिलांनी अख्ख्या वर्गासमोर त्याला 'गोगलगाय' म्हटलं. वडील त्याच शाळेत कवायतीचे मास्तर होते. खुद्द मास्तरांनी ठेवलेलं नाव, ते रुळायला कितीसा वेळ लागणार? वर्षभरात पोरांनी त्यातली गाय काढून टाकली आणि गोगल तेवढा उरला. पुढे त्याला छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी लागली, नाकावर जाड भिंगाचा चष्मा आला, आणि तिथल्या लोकांनी समजूत करून घेतली की हे नाव चष्म्यावरून पडलं असणार. त्याने कोणाचा गैरसमज दूर केला नाही. फुकटात अब्रू वाचत असेल तर नको कोण म्हणेल?

घरात मात्र आळशीपणाचा शिक्का बसला तो बसलाच. पाण्याची बादली उचलली की अर्ध्या वाटेत खाली ठेवायचा. सायकल शिकला, पण चढ आला की उतरून ढकलायचा. मास्तर स्वतः सडसडीत, ऐंशी ओलांडल्यावरही पहाटे उठून बैठका मारणारे. आपल्या पोटी असं ढिम्म पोर यावं, हे त्यांना जन्मभर सलत राहिलं. "अंगचोर आहे," एवढं म्हणून ते विषय संपवायचे. गोगलची आईही त्यांच्या लेखी तशीच. दुपारची भांडी तशीच टाकून ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर आडवी व्हायची. पंचेचाळिशीत तिला ऐकू कमी यायला लागलं, मग साखर निघाली, आणि साठी गाठायच्या आत ती गेली. मायलेक एकाच साच्यातून काढलेत, असं मास्तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

नवल याचं, की गोगलला स्वतःलाही ते पटलेलं होतं. लहानपणापासून रोज एकच गोष्ट कानावर पडली की ती आपलीच वाटायला लागते. दम सगळ्यांनाच लागत असेल, बाकीचे रेटतात, आपण रेटत नाही, असा त्याने स्वतःचा हिशेब लावून टाकला होता. बसून करायचं काम मिळालं यातच तो खूश होता. छापखान्यात खिडकीजवळ त्याचं टेबल होतं. शेजारी यंत्रांचा खडखडाट दिवसभर चालायचा, पण चाळिशीनंतर त्याचेही कान मंदावले होते, त्यामुळे त्याला त्याचा उपद्रव नव्हता. कानात यंत्र होतं, ते कामाच्या वेळी तो बंदच ठेवायचा.

शाळेची पुस्तकं तिथेच छापली जात. दर दोन-तीन वर्षांनी विज्ञानाचं पुस्तक यायचं आणि त्यात पेशीचा धडा असायचाच. पेशीपटल, पेशीद्रव, केंद्रक, तंतुकणिका, रिक्तिका, ही सगळी मंडळी त्याच्या चांगल्या ओळखीची होती, पण ती तोंडओळख. कोणाचा उकार पहिला आणि कोणाची वेलांटी दुसरी ते त्याला झोपेतही सांगता आलं असतं. ती मंडळी काम काय करतात, हे विचारायची वेळ कधी आली नाही. एके वर्षी अक्षरजुळणी करणाऱ्याने 'पेशी-विभाजन'च्या जागी 'पेढी-विभाजन' टाकलं होतं. गोगलने पकडलं नसतं तर विज्ञानाच्या पुस्तकात भाऊबंदकीचा धडा गेला असता. हा किस्सा तो पाहुण्यांना सांगायचा. त्याच्या कर्तबगारीच्या गोष्टी दोन-तीनच होत्या, त्यातली ही एक.

त्याची धाकटी बहीण नवरा वारल्यावर चार वर्षांच्या मुलीला घेऊन मास्तरांच्या घरी परत आली होती. पुढच्या खोलीत ती पाळणाघर चालवायची. गोगल आणि त्याची बायको दोन गल्ल्या पलीकडे राहत. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परगावी होता.

भाची मास्तरांची लाडकी, आणि त्याला कारणही होतं. ती पळायची. नवव्या वर्षी तिने वरच्या वर्गातल्या मुलींना मागे टाकलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "चला, आपलं रक्त एकदाचं कुठेतरी उतरलं." हे त्यांनी गोगलच्या समोर म्हटलं आणि गोगलही हसला. त्यानंतर रोज सकाळी आजोबा-नात मैदानावर. निवृत्त झालेल्या मास्तरांना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं असावं. एका वहीत ते तिच्या वेळा लिहून ठेवत.

पंधरावं सरलं आणि त्या वेळा मागे पडायला लागल्या. आधी दोन सेकंद, मग पाच, मग पंधरा. वयाच्या मानाने ती बुटकी आणि काटकुळी राहिली होती. मास्तरांनी खुराक वाढवून पाहिला, ओरडून पाहिलं, न बोलून पाहिलं.

एक दिवस शाळा सुटल्यावर भाची छापखान्यात आली. कागदाच्या गठ्ठ्यावर बसली, दप्तर मांडीवर घेतलं आणि बराच वेळ छपाईच्या यंत्राकडे बघत राहिली. गोगलने कानातलं यंत्र चालू केलं.

"मामा, लहानपणी पळताना तुला काय व्हायचं?"

"का गं?"

"सांग ना."

"दम लागायचा. दुसरं काय."

"दम सगळ्यांनाच लागतो. मला पाय माझे वाटतच नाहीत. तिसऱ्या फेरीला मांड्या जळायला लागतात, मग मळमळतं. नंतर दोन-दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. आई म्हणते वय आहे. आजोबा म्हणतात, मी मामाच्या वळणावर चालले." ती थांबली. "तुला असं व्हायचं का?"

मांड्या जळतात, हे शब्द ऐकले आणि चाळीस वर्षांमागचं ते मैदान गोगलच्या पायांत जागं झालं. तो 'हो' म्हणू शकत होता. 'अगदी असंच व्हायचं' म्हणू शकत होता. पण तसं म्हटलं तर ही पोर आपल्यासारखीच होईल, अशी त्याला धास्ती वाटली. आपलं जे झालं ते तिचं होऊ नये, म्हणून त्याने तिला तेच सांगितलं जे त्याला सांगितलं गेलं होतं.

"हे बघ, मी सोडून दिलं म्हणून माझं असं झालं," तो म्हणाला. "तू सोडू नकोस. आजोबा कडक आहेत, पण तुझ्या भल्याचंच बघतात. थोडा जोर लाव. सवय होईल."

भाचीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं. "बरं," म्हणाली, आणि दप्तर पाठीला लावून निघून गेली. गोगलने कानातलं यंत्र बंद केलं आणि अर्धवट राहिलेलं पान पुढे ओढलं.

पुढच्याच आठवड्यात, सकाळी, पाचव्या फेरीला ती मैदानावर डोकं धरून थांबली. मास्तर पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभे होते. ते जवळ येईपर्यंत ती ओकली होती. "आजोबा, मला डावीकडचं दिसत नाही," ती म्हणाली. मास्तरांना ते नाटक वाटलं. "ऊठ, पुरे झालं," असं ते म्हणाले. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं, कोणी विचारलं नसताना. मग तिचा डावा हात झटके द्यायला लागला, तोंड वाकडं झालं आणि सगळं अंग ताठ होऊन उडू लागलं. ब्याऐंशी वर्षांच्या मास्तरांनी तिला उचललं आणि रस्त्यापर्यंत पळत नेलं.

इस्पितळात पहिले चार दिवस कोणालाच काही कळेना. पक्षाघातासारखं दिसतंय, पण सोळा वर्षांच्या मुलीला पक्षाघात कसा होईल? मेंदूच्या फोटोत मागच्या बाजूला एक डाग आला होता, आणि तो कुठल्याही एका रक्तवाहिनीच्या हद्दीत बसत नव्हता. रक्तात आम्ल वाढलेलं निघालं. पाचव्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्यांना आपल्या खोलीत बोलावलं. बाई पन्नाशीच्या, बोलणं सावकाश, टेबलावर कागदांचा ढीग. बहीण, गोगल आणि मास्तर समोर बसले.

"मुलीच्या आईच्या माहेरी कोणाला साखर आहे?" बाईंनी विचारलं. "कमी वयात ऐकू कमी येणं? उंची कमी? थोड्याशा कामाने दमणं?"

बहिणीने मान वळवून गोगलकडे पाहिलं. बाईंचा आवाज बारीक होता, त्याला अर्धंच ऐकू आलं होतं. कानामागे हात धरून तो पुढे वाकला आणि म्हणाला, "काय विचारलंत?"

बाईंनी त्याच्या कानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्ही मामा?"

"हो."

"साखर आहे?"

"आठ वर्षं झाली."

"जिना चढताना मांड्या जळतात?"

गोगलला वाटलं, ही बाई आपली थट्टा करतेय. पण तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. "जळतात," तो म्हणाला. हे तो आयुष्यात पहिल्यांदाच कोणासमोर तरी कबूल करत होता.

बाईंनी एक कोरा कागद घेतला आणि त्यावर मोठं वाटोळं काढलं. "शरीर पेशींचं बनलेलं असतं, एवढं तुम्ही शाळेत शिकला असाल. एकेक पेशी डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक, पण तिच्यात अख्खा संसार असतो. हा बाहेरचा पातळ पडदा. आत काय येऊ द्यायचं आणि बाहेर काय टाकायचं, ते याच्यावर. मध्ये हे केंद्रक. पेशीने काय करायचं त्याची सगळी माहिती यात, निम्मी आईकडून आलेली, निम्मी वडिलांकडून. आणि या भोवतालच्या द्रवात..." त्यांनी वाटोळ्यात लांबट दाणे काढायला सुरुवात केली. "यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात."

"तंतुकणिका," गोगल म्हणाला.

"तुम्हाला माहीत आहे?"

"शब्द माहीत आहे. उकार पहिला, वेलांटी पहिली. अर्थ तुम्ही सांगा."

बाई किंचित हसल्या. मग त्यांनी सांगितलं. एकेका पेशीत या तंतुकणिका शेकड्यांनी, कुठे हजारांनी असतात. खाल्लेलं अन्न आणि श्वासातून आलेला प्राणवायू यांच्यापासून ताकद तयार होते ती इथे. डोळ्याची पापणी हलवायची तरी ती इथूनच यायची. जिथे खर्च जास्त, तिथे त्या जास्त. स्नायूंत, मेंदूत, हृदयात, कानाच्या आतल्या भागात.

"हिच्या बऱ्याचशा तंतुकणिकांत दोष असावा, असा माझा अंदाज आहे. त्या कमी काम करतात. मग पेशी दुसऱ्या, घाईच्या वाटेने ताकद काढायला बघते. त्या वाटेने ताकद थोडी निघते आणि आम्ल साचतं. मांड्या जळतात त्या यामुळे. मेंदूला पुरलं नाही की असा झटका येतो."

"जोर लावून काही..." गोगलने वाक्य सोडून दिलं.

"जोर आणणार कुठून? तो तयारच तिथे होतो."

"पळण्यामुळे झालं का हे?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पळण्यामुळेच झालं, असं मी म्हणणार नाही. आज ना उद्या झालंच असतं. पण तिचं शरीर बरेच दिवस सांगत असणार. ते कोणी ऐकलं असतं तर आपण तयारीत असतो."

मग मोठी तपासणी झाली, त्यात तीन आठवडे गेले. बहिणीच्या आणि गोगलच्याही पेशींचा नमुना घेतला. अहवाल आला तेव्हा बाईंचा अंदाज खरा ठरला होता. भाचीच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश तंतुकणिका सदोष होत्या, गोगलच्या निम्म्याच्या आसपास, बहिणीच्या अगदी थोड्या.

"याची माहिती केंद्रकात नसते," बाई म्हणाल्या. "तंतुकणिकांची स्वतःची वेगळी माहिती असते आणि ती फक्त आईकडून येते. मूल ज्या पहिल्या पेशीपासून वाढतं, ती आईची असते. वडिलांकडून केंद्रकापुरतं येतं."

"म्हणजे माझ्याकडून गेलं," बहीण म्हणाली.

"तुमच्याकडे तुमच्या आईकडून, तिच्याकडे तिच्या आईकडून. वाटणीत कोणाला किती सदोष येतील, ते कोणाच्या हातात नसतं. तुम्हाला थोड्या आल्या, तिला जास्त गेल्या. यात तुमचं काही चुकलेलं नाही."

"आणि माझा मुलगा?" गोगलने विचारलं.

"वडिलांकडून जात नाही. तो मोकळा आहे."

गोगलने श्वास सोडला. इतका मोठ्याने, की तो सगळ्यांना ऐकू गेला. मग त्याचं लक्ष बहिणीकडे गेलं. ती हातातल्या रुमालाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

औषध आहे का, या प्रश्नाला बाईंनी आडपडदा न ठेवता उत्तर दिलं. मुळावर घाव घालणारं औषध नाही. काही गोळ्या, काही पथ्यं, काही औषधं कायमची टाळायची, उपास नाही, दमछाक नाही, आणि ताप आला की लगेच यायचं. असा झटका पुन्हा येऊ शकतो. कधी, ते सांगता येत नाही.

त्या दिवशी दुपारी मास्तरांच्या घरी पुढच्या खोलीत दोघंच होते. पाळणाघर महिनाभर बंद होतं. भिंतीला लावून ठेवलेल्या छोट्या गाद्या, टोपलीत लाकडी ठोकळे. मास्तर खिडकीपाशी उभे राहून बाहेर बघत म्हणाले, "म्हणजे हे तुझ्या आईकडून आलं. आमच्याकडे असं कोणी नव्हतं."

गोगल छोट्या मुलांच्या बाकावर बसला होता. त्याचे गुडघे छातीशी आले होते.

"अण्णा, आईला आता काही बोलू नका."

"मी कुठे बोलतोय? बाई म्हणाल्या तेच सांगतोय."

"आई दुपारी फरशीवर पडायची. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून टाळ्या वाजवायचात. ऊठ, ऊठ, म्हणून. तिला ऐकू येत नव्हतं, म्हणून आणखी जोरात."

बाहेर कोणीतरी दुकानाचं शटर वर ओढलं. मास्तर वळले नाहीत, पण म्हणाले, "मग तुला खरंच पळता येत नव्हतं?"

"नाही."

"सांगायचं होतंस मग."

"रोज सांगत होतो, अण्णा."

आता मास्तर वळले. "सगळीच पोरं सांगतात. छत्तीस वर्षांत एकही पोर असं भेटलं नाही, जे म्हणालं नाही की मास्तर, दमलो. त्यातलं खरं कोण आणि चुकार कोण, हे मी कुठून ओळखायचं? पेशीत डोकावून बघायचं होतं का मी?"

इतक्या वर्षांचं साठलेलं बरंच काही बोलायचं गोगलने वाटेत मनाशी घोकलं होतं, ते सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं आणि थांबलं. कारण हाच प्रश्न त्याला स्वतःला विचारता आला असता, आणि त्याला तर पेशीत डोकावायचीही गरज नव्हती.

"मलाही ओळखता आलं नाही," तो म्हणाला. "ती आली होती माझ्याकडे, छापखान्यात. तिने सगळं सांगितलं. मांड्या जळतात, मळमळतं, सगळं. मी म्हणालो, जोर लाव."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "तू असं म्हणालास?"

"हो."

"तू? का?"

"दुसरं काही मला शिकवलंच नव्हतं कोणी."

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, हे नसतं बोललो तर बरं झालं असतं. मास्तर खाली बसले. बसताना त्यांनी खिडकीच्या चौकटीचा आधार घेतला. त्यांनी कशाचा आधार घेतलेला गोगलने याआधी पाहिला नव्हता. तेवढ्यात बहीण आतून आली आणि म्हणाली, "तिची जेवणाची वेळ झालीये. दादा, तू चल माझ्याबरोबर. अण्णा, तुम्ही आज घरीच थांबा."

मास्तर नातीला भेटायला रोज जात, पण त्यानंतर तिच्याशी बोलताना त्यांची जीभ अडखळायची. ते फळं कापून देत, उशी सारखी करत. तिनेही त्यांना काही विचारलं नाही. वेळांची वही त्यांनी कुठे ठेवली, ते कोणाला कळलं नाही.

महिनाभराने भाची घरी आली. डावीकडचं निम्मं दिसणं गेलं होतं ते गेलंच. डाव्या हातातून वस्तू निसटायच्या, आणि आता तिलाही ऐकू कमी येऊ लागलं होतं. गोगल कामावरून सुटला की तिच्याकडे जायचा, उजव्या बाजूला खुर्ची घेऊन बसायचा. तिला काय झालंय ते तिला नीट कळावं म्हणून त्याने विज्ञानाच्या पुस्तकाची जुनी मुद्रितं नेली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तो धडा अर्थासाठी वाचला. पडद्यातून काय आत जातं, केंद्रक कोणाला हुकूम देतं, निरुपयोगी झालेलं कोण गिळून टाकतं. ती प्रश्न विचारायची, त्याला उत्तर आलं नाही की दोघं मिळून पुढची पानं चाळायची.

चौथ्या का पाचव्या दिवशी त्याने मुद्रितं बाजूला ठेवली. "तू छापखान्यात आली होतीस ना," तो म्हणाला.

"हं."

"मला अगदी तसंच व्हायचं. तू सांगितलंस तसंच. मी तुला खोटं सांगितलं."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला."

"कसं?"

"मी मांड्या म्हणाले तेव्हा तू टेबलाखाली हात नेऊन मांडी दाबलीस." तिचा स्वर शांत होता. "मामा, आजोबांचा मला राग नाही. त्यांना कधी दमायलाच झालं नाही, त्यांना काय कळणार. पण मी मुद्दाम तुझ्याकडे आले होते. घरात असं सांगायला दुसरं कोणी नव्हतं. तू हो म्हणाला असतास ना, तर मी दुसऱ्या दिवशी पळायला गेले नसते."

"चुकलं माझं."

"चुकलंच," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

तो उठला नाही. आपण उठून गेलो तर ते पळून जाणं होईल, एवढं त्याला कळत होतं. अंधारून यायला लागलं तसा बहिणीने येऊन दिवा लावला. तेव्हा भाची तिकडेच तोंड ठेवून म्हणाली, "उद्या येताना पुढचा धडा आण." त्याला ती माफी वाटली नाही आणि त्याने तशी ती समजूनही घेतली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पुढचा धडा नेला.

वर्षभरात तिला आणखी एक झटका आला, पहिल्यापेक्षा सौम्य. सगळे तयारीत होते, अर्ध्या तासात इस्पितळात पोचले. शाळा अर्धा दिवस सुरू झाली. बहिणीने पाळणाघर पुन्हा उघडलं. ती अधूनमधून एखाद्या रडक्या बाळाला उचलून घ्यायची आणि उगाचच त्याचे पाय चाचपून बघायची.

एका सकाळी भाचीच्या कानाचं यंत्र आणायला मामा-भाची बाजाराच्या रस्त्याने निघाले. गर्दीची वेळ होती. अर्ध्या वाटेत ती थांबली. गोगलने लगेच ओळखलं, आणि तिला सावरावं म्हणून आपलं आयुष्यभराचं गुपित हलक्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

"हे बघ, दमलीस की नुसतं उभं राहायचं नाही, लोक बघतात. दुकानाच्या काचेपाशी जायचं, आतल्या वस्तू बघितल्यासारखं करायचं. दोन मिनिटं कशीही निघतात. चपलांचं दुकान सगळ्यात चांगलं, तिथे कोणी लवकर काही विचारत नाही. बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधता येते. जिन्यात असलीस तर खिशातून किल्ल्या काढून शोधत राहायचं. बसच्या थांब्यावर वेळापत्रक वाचायचं, मी अख्खं पाठ केलंय, मला कुठलीच बस पकडायची नसते. आणि बरोबर कोणी असेल तर त्याला काहीतरी लांबलचक विचारायचं, म्हणजे तोच थांबून बोलत राहतो."

भाची ऐकत होती. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले. "हे सगळं तू रोज करतोस?"

"सवय होते," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.

"मला नाही करायचं हे," ती म्हणाली. तिथेच एका कापडदुकानाची पायरी होती. लोक पायरीवरून आत-बाहेर करत होते. तिने उजव्या हाताने कठडा धरला आणि सरळ पायरीवर बसली. दुकानदार गल्ल्यावरून मान उंचावून बघायला लागला. एक बाई पिशवी सावरत तिला वळसा घालून गेली आणि जाता जाता कपाळाला आठी घातली.

"बरं नाही का?" दुकानदाराने विचारलं.

"दमलेय," भाची म्हणाली. "थोडा वेळ बसणार आहे."

दुकानदाराने गोगलकडे पाहिलं. गोगलचे पायही कधीचे भरून आले होते. इतकं चालून तोही आता काचेपाशी गेला असता. त्याने इकडे-तिकडे पाहिलं, चष्मा सारखा केला, आणि भाचीच्या उजव्या बाजूला, जिथून तिला तो दिसेल तिथे, पायरीवर बसला.

"मीपण," तो दुकानदाराला म्हणाला.